जनरेटर घ्यायचाय : कॅम्पिंगला नेता येईल आणि वादळात घरालाही पुरेल असा (पेट्रोल + प्रोपेन)

केटीकर
मंडळी, १ जून जवळ आला. तुमच्याकडे तो पावसाळ्याचा मुहूर्त, आम्हा ह्यूस्टनकरांचा चक्रीवादळांच्या मोसमाचा. १६ मे २०२४ ला वाऱ्याने झोडपलं तेव्हा दोन दिवस वीज नव्हती. ते आम्ही हसण्यावारी नेलं. मग ८ जुलैला बेरिल आलं. म्हणायला सगळ्यात खालच्या, पहिल्या श्रेणीचं वादळ, पण बावीस लाखांवर ग्राहक अंधारात गेले आणि आमची वीज सहाव्या दिवशी आली. आई-बाबा सांगलीहून आलेले होते. बाबांना झोपताना सीपॅप (श्वासाला हवा पुरवणारं यंत्र) लागतं. पहिल्या रात्री ड्राइव्हवेत गाडी चालू ठेवून ते पुढच्या सीटवर सीपॅप लावून झोपले आणि मी मागे बसून पेट्रोलचा काटा बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी आईने फ्रीझर रिकामा केला. खवलेला नारळ, पुरणाचे गोळे, सगळं काळ्या पिशवीत भरलं. पिशवीला गाठ मारताना एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तर यंदा जनरेटर घ्यायचाच. घराला उपयोगी पडावा आणि वर्षातून तीन-चारदा कॅम्पिंगला नेता यावा, एवढीच अपेक्षा. आमची सात-आठ कुटुंबं दरवर्षी गार्नर स्टेट पार्कला जातात (तिथल्या गावाचं नाव कॉनकॅन, त्यामुळे सुट्टीला कोकणात चाललोय असं सांगता येतं). पेट्रोल आणि प्रोपेन (सिलिंडरमधला गॅस) दोन्हीवर चालणारे इन्व्हर्टर जनरेटर बघतोय. ४५०० वॉटचा घ्यावा, की सरळ ९००० चा घेऊन घरचा चार टनी एसीच चालवावा? दुकानातला मुलगा म्हणाला, मोठा घ्या, पस्तावणार नाही.

शंकेखोर
दुकानातला मुलगा दुसरं काय म्हणणार? ९००० चा घेतलात तर उचलायला तोच येणार आहे का गार्नरला?

दापोलीचा_आंबा
एक भाबडा प्रश्न. इन्व्हर्टर म्हणजे आमच्याकडे हॉलच्या कोपऱ्यात बॅटरीवर बसलेला डबा, वीज गेली की टुक् करून पंखा चालू करतो तो. आणि जनरेटर म्हणजे गणपतीत मंडळामागे धडधडतो तो. दोन्ही एकात कसे?

बंब
@दापोलीचा_आंबा, प्रश्न भाबडा नाही, इथल्याही निम्म्या लोकांना हे माहीत नसतं.

मंडळामागच्या जनरेटरचं इंजिन एका ठरावीक वेगाने फिरावंच लागतं. इथल्या ६० हर्ट्झसाठी मिनिटाला ३६०० फेरे. एक दिवा लावा नाहीतर दहा, इंजिन तेवढंच बोंबलणार आणि जवळपास तेवढंच पिणार. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिन जी वीज करतं तिची आधी बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज होते आणि मग इलेक्ट्रॉनिक्स तिची घरात येते तशी स्वच्छ १२० व्होल्टची एसी वीज बनवतं. इंजिनाचा वेग आणि हर्ट्झ यांची फारकत झाली की लोड कमी असताना इंजिन आरामात गुरगुरत राहू शकतं. म्हणून आवाज कमी, इंधन कमी, आणि लॅपटॉप, सीपॅप, नव्या फ्रीजचे बोर्ड यांना चालेल अशी वीज. तुमच्या डब्यातलं सर्किट तेच, इथे बॅटरीच्या जागी इंजिन.

दापोलीचा_आंबा
समजलं. आणि ड्युअल फ्युएलचं कौतुक आम्हाला सांगू नका. होंडाचा रॉकेलवरचा जनरेटर होता आमच्या काकांकडे. पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचा, आणि बंद करायच्या आधी आठवणीने परत पेट्रोलवर आणायचा. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा निखळायची वेळ. निसर्ग वादळ आलं (३ जून २०२०) तेव्हा माडापोफळी आडव्या आणि महिनाभर वीज नाही. वाडीतले सगळे मोबाइल त्या डबड्यावर चार्ज झाले. रॉकेल मिळेपर्यंत.

सरळवायर
"रॉकेल मिळेपर्यंत" या शब्दांवर नंतर येतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

आधी केटीकर. मी न्यू जर्सीत याच धंद्यात आहे. लोक वॉट विचारत येतात, पण आपल्याला किती लागतात ते कुणी मोजलेलं नसतं. वीस-पंचवीस डॉलरला प्लगमध्ये लावायचा मीटर मिळतो. तो आणा, फ्रीजला चोवीस तास लावून ठेवा, मग बाकीच्या वस्तूंना. आकडे इथे टाका. तोवर जनरेटरचं नाव काढू नका.

चार टनी एसीचं मात्र आत्ताच सांगतो. बाहेरच्या युनिटच्या पत्र्यावर एलआरए म्हणून आकडा असेल, तो बघा. कॉम्प्रेसर सुरू होताना बसणारा झटका आहे तो. चार टनाला शंभर अँपिअरच्या घरात असतो, तोही २४० व्होल्टला. सॉफ्ट स्टार्ट (कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारा डबा) बसवून तो बराच खाली आणता येतो, पण नंतर चालायलाही साडेतीन-चार हजार वॉट लागतातच. ते पुरवणारं यंत्र चाकांवर ढकलायचं असतं, तंबूशेजारी मांडायचं नसतं. एकाच गाड्यात वरात आणि भाजी दोन्ही नाही न्यायची.

मिक्सरवाली
+१. आम्ही चारजण घरात असताना एका बेडरूमला खिडकीचा एसी लावला आणि सगळे तिथेच गाद्या टाकून झोपलो. मुलांना अजून ते दिवस आठवतात. अख्खं घर गार करायचा हट्ट सोडला की अर्धं गणित सुटतं.

रेडवुडकर
जनरेटर हवाच कशाला? आम्ही बे एरियात वणव्याच्या भीतीने मुद्दाम वीज घालवतात तेव्हापासून बॅटरीचं पॉवर स्टेशन घेतलं. आवाज नाही, धूर नाही, दोरी ओढणं नाही, घरात ठेवता येतं. शिवाय आमच्या कॅलिफोर्नियात पोर्टेबल जनरेटरचे धुराचे नियम २०२४ पासून कडक झालेत आणि २०२८ पासून नवे विकायचे तर शून्य उत्सर्जनाचेच. हे तंत्रज्ञान आता आजोबा झालंय.

अ‍ॅशव्हिलची_मावशी
रेडवुडकर, तुमचं चूक नाही, पण तुमची वीज एक-दोन दिवसांनी येते. हेलीन वादळानंतर (२७ सप्टेंबर २०२४) आमच्या डोंगरातल्या रस्त्यावर वीज आली ती सतराव्या दिवशी. शहराचं पाणी पिण्याजोगं व्हायला १८ नोव्हेंबर उजाडला. माझ्याकडे १ युनिटची बॅटरी होती. पहिल्या रात्री मस्त चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे बघून वाटलं, आता तुला कोण चार्ज करणार बाई?

शेजारच्या आजोबांकडे पेट्रोलचा जनरेटर होता. त्यांना पेट्रोल मिळेना. पंपाला वीज नाही, जिथे आहे तिथे रांग, आणि रोख पैसे. आमच्याकडे मात्र बार्बेक्यूचे तीन प्रोपेन सिलिंडर पडून होते आणि जनरेटर कुणाकडेच प्रोपेनवाला नव्हता! त्या आठवड्यात मी ठरवलं की घेईन तो दोन्हीवर चालणारा.

सरळवायर
मावशींनी माझं काम केलं. वॉटचं सगळे विचारतात, पण वादळात अडतं ते इंधनावर.

पेट्रोल टिकत नाही. त्यात दहा टक्के इथेनॉल असतं, हवेतलं पाणी धरतं, काही महिन्यांत कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळ जमते. माझ्याकडे दर वादळानंतर जे "नवीनच आहे हो, एकदाच वापरलाय" जनरेटर येतात, त्यांतल्या दहापैकी आठांना दुसरं काही झालेलं नसतं. प्रोपेन दहा वर्षं सिलिंडरमध्ये ठेवा, काही होत नाही. कार्ब्युरेटरही कोरडा राहतो. म्हणून माझा सल्ला ड्युअल फ्युएल असला तरी पेट्रोल त्यात घालूच नका हा. कायम प्रोपेनवर चालवा. पेट्रोल अगदी नाइलाज झाला तर.

त्याची किंमतही सांगतो. प्रोपेनवर ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. डब्यावर मोठ्या अक्षरात २५०० लिहिलेलं असतं ते पेट्रोलवर सुरुवातीच्या क्षणाचं. सतत मिळणारे १८५०. प्रोपेनवर सतत १६६५. खरेदी त्या तिसऱ्या, बारीक अक्षरातल्या आकड्यावर करायची.

केटीकर
मीटर आणला. दोन दिवस घरभर प्लग काढत फिरतोय, बायको म्हणते जनगणना चालू आहे.

फ्रीज : चालू असताना १३० ते १५०, चोवीस तासांत १.६ युनिट. पण मध्येच एकदा ४८० दिसले, घाबरलो.
खिडकीचा एसी (५००० बीटीयूचा, मित्राकडून आणून बघितला) : ४५०.
बाबांचं सीपॅप, पाणी गरम करायचं बंद ठेवून : ३५ ते ४०.
मोडेम-राउटर २२. दोन पंखे मिळून ११०.

बेरीज आठशेच्या आत! मी ९००० चा घ्यायला निघालो होतो.

सरळवायर
ते ४८० म्हणजे डीफ्रॉस्टचा, आतला बर्फ वितळवणारा हीटर, दिवसातून एक-दोनदा लागतो. सगळं एकदम आलं तरी अकराशे. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका धरून २५०० वाला, प्रोपेनवरसुद्धा, आरामात ओढेल. आता जनरेटरचं नाव काढायला परवानगी आहे. :)

शंकेखोर
परवानगी मिळाली! पण मी म्हणतो, ४५०० वाला घेतला तर बिघडलं कुठे? पुढेमागे मायक्रोवेव्ह लावता येईल, हिवाळ्यात फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या भट्टीचा) पंखा.

बंब
वजनाने बिघडतं. माझ्याकडे चॅम्पियनचा ४५०० वाला ड्युअल फ्युएल आहे. शंभर पौंडांच्या आसपास, चाकं आहेत, हँडल आहे, सपाट जागेत लहान पोरगंही ओढेल. पण गाडीच्या डिकीत चढवायचा म्हणजे दोन माणसं आणि एक कण्हणं. दोन वर्षांत कॅम्पिंगला एकदाच नेला. २५०० वाला एकोणचाळीस पौंडांचा आहे. विमानात चेक-इन करायच्या बॅगेपेक्षा हलका. एका हाताने उचलून निघालात.

घराला जास्त लागलं तर पुढच्या वर्षी तसाच दुसरा घ्या आणि पॅरलल किटने जोडा. कॅम्पिंगला एक, वादळाला दोन. एक बिघडला तरी एक उरतो, हे कुणी जाहिरातीत सांगत नाही.

मिक्सरवाली
होंडाचं कुणी नाव का घेत नाही? आमचा २२०० वाला दहा-बारा तंबूंच्या कॅम्पमध्येही ऐकू येत नाही म्हणतात लोक.

बंब
होंडा होंडाच. एका दोरीत सुरू होतो आणि शांतही आहे. पण कारखान्यातून येतो तो फक्त पेट्रोलवर, टाकी एक गॅलनहूनही किंचित कमी. प्रोपेनचं किट बाहेरून बसवतात लोक, पण नवीन माणसाने वॉरंटी घालवून पहिलीच खरेदी अशी करू नये. आणि किंमत बघा दोन्हींच्या.

डॅलसची_थंडी
प्रोपेनचं इतकं गुणगान चाललंय म्हणून दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२१ च्या त्या आठवड्यात डॅलसला पारा उणे २ फॅरनहाइटपर्यंत उतरला. माझा जनरेटर प्रोपेनवर. तासाभरात सिलिंडरवर खालून वरपर्यंत पांढरं बुरशीसारखं दव गोठलं आणि इंजिन दमेकऱ्यासारखं करायला लागलं. वर जातंय, खाली येतंय. मला वाटलं सिलिंडर संपला. उचलला तर निम्म्याहून जड.

सरळवायर
सिलिंडरमध्ये प्रोपेन द्रव असतो. तो उकळून वायू होतो तेव्हा इंजिनाला मिळतो, आणि उकळायला उष्णता घेतो सिलिंडरच्या पत्र्यातून. बाहेर कडाक्याची थंडी आणि वर इंजिन भराभर ओढतंय म्हटल्यावर सिलिंडर स्वतःलाच गोठवतो. उपाय : लोड कमी करा, दोन सिलिंडर आलटून पालटून लावा, किंवा मोठा सिलिंडर घ्या. भरलेला सिलिंडर अर्ध्या रिकाम्यापेक्षा जास्त तग धरतो. आणि कितीही मोह झाला तरी त्याला शेगडीजवळ नेऊ नका, हेअर ड्रायर मारू नका. थंडीत जन्म गेलेल्या माणसाने सांगितलेलं ऐका.

केटीकरांना हा त्रास जुलैत नाही.

हजार_फुटांवर
कोलोरॅडोतून एक भर. दर हजार फुटाला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के जाते. आम्ही ९००० फुटांवर तंबू ठोकतो. १६६५ चे तिथे अकराशे-साडेअकराशे उरतात. कॉफीचं यंत्र लावल्यावर घरघर बंद. गार्नरला हा प्रश्न नाही, पण कधी डोंगरात आलात तर लक्षात असू द्या.

केटीकर
कॅम्पिंगचा विषय निघालाच आहे तर आवाजाचं सांगा. ५३ डेसिबल लिहिलंय. म्हणजे किती?

बंब
२३ फुटांवरून, आणि पाव लोडवर मोजलेले ते. दोन माणसं शेजारी बसून गप्पा मारतायत एवढा. लोड वाढला की तो चढतो. नॅशनल पार्कांचा नियम ५० फुटांवर ६० डेसिबल, त्यात बसतो. पण नियमात बसणं आणि शेजाऱ्याला आवडणं यात फरक आहे. बिग बेंडच्या रिओ ग्रांदे व्हिलेजमध्ये जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८, आणि एक भाग असा की तिथे जनरेटर लावायचाच नाही. आम्ही पहिल्यांदा तिथेच जागा घेतली होती. जनरेटर गाडीतून काढलाच नाही, आणि खरं सांगायचं तर त्या रात्रीएवढे तारे पुन्हा पाहिले नाहीत.

जिथे जाल तिथल्या वेळा आधी बघा. आणि जंगलात न्यायचा तर सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) आहे ना ते तपासा.

शंकेखोर
मुळात कॅम्पिंगला जनरेटर नेऊन तुम्ही लोक करता काय?

मिक्सरवाली
माझ्या नावात उत्तर आहे. तीस माणसांची ओल्या खोबऱ्याची चटणी पाट्यावर कोण वाटणार, तुम्ही?

शंकेखोर
जंगलात मिक्सर लावणाऱ्या प्रवृत्तीचा तीव्र निषेध.

मिक्सरवाली
निषेध नोंदवला. चटणी मात्र मागायची नाही.

दापोलीचा_आंबा
भांडा सावकाश. मला सांगा, पुढच्या वेळी इकडे येताना कुणी तो एकोणचाळीस पौंडवाला बॅगेतून आणला आणि घरचा लाल सिलिंडर लावला तर?

बंब
तीन कारणांनी नाही. तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. तुमच्याकडे २३० आणि ५०. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर फक्त स्वयंपाकासाठी, जनरेटरला लावणं बेकायदा. आणि तुमच्या एलपीजीत ब्युटेन असतो, रेग्युलेटरही वेगळा. शिवाय वापरलेल्या इंजिनात पेट्रोलचा वास असला तर विमानवाले बॅगेलाच उतरवतील. तुम्ही तुमचा टुक् करणारा डबा सांभाळा.

केटीकर
आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न. घराला जोडायचा कसा? एका माणसाने सांगितलं की दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून ड्रायरच्या सॉकेटात खुपसायची, झालं. तो म्हणे बेरिलमध्ये तसाच चालवत होता.

सरळवायर
त्या माणसाला सांगा त्याचं नशीब बलवत्तर. त्या वायरला आमच्या धंद्यात आत्महत्येची वायर म्हणतात, आणि ते चेष्टेने नाही. एक टोक सॉकेटात, दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर जिवंत वीज. आणि मेन बंद करायला विसरलात तर तुमची वीज उलटी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, तिथे १२० चे हजारो व्होल्ट होतात, आणि खांबावर तुमचीच वीज जोडायला चढलेला माणूस असतो.

तुमच्या आठशे वॉटला हे काहीच लागत नाही. दोन जाड एक्स्टेंशन वायरी घ्या, बाहेर वापरायच्या, १२ गेजच्या. एक फ्रीजकडे, एक बेडरूमकडे. संपलं. फर्नेस किंवा घरातले दिवे जोडायचे असतील तेव्हा परवान्यासकट इलेक्ट्रिशियन बोलवा, बाहेर इनलेट बॉक्स (जनरेटरची वायर लावायचा डबा) आणि पॅनेलवर इंटरलॉक बसवून घ्या. इंटरलॉक म्हणजे एक साधी पत्र्याची पट्टी. मेन आणि जनरेटर दोन्ही खटके एकदम वर जाऊच देत नाही. मला या धंद्यात तिच्याइतकी हुशार वस्तू दुसरी दिसली नाही.

तेव्हा इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी विचारा. जनरेटर फक्त १२० व्होल्टचा असून दोन्ही फेजना तीच वीज देणार असाल, तर घरात दोन सर्किटांचा न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) सामाईक आहे का? असेल तर त्या एका न्यूट्रलवर दोघांचा भार पडतो, वायर तापते, आणि ब्रेकर पडत नाही. आणि जनरेटरचा न्यूट्रल मोकळा आहे की अर्थला जोडलेला? मोकळा असेल तर घराच्या पॅनेलला उत्तम. पण तोच आरव्हीला (राहायची सोय असलेल्या कॅम्पिंगच्या गाडीला) लावला की तिथला संरक्षक डबा "अर्थ नाही" म्हणून वीज घेत नाही. त्यासाठी एक बाँडिंग प्लग मिळतो. तो घराच्या वेळी काढायचा. निळ्या रंगाची चिकटपट्टी लावून त्यावर "फक्त आरव्ही" लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तुम्हाला आठवणार नाही.

अ‍ॅशव्हिलची_मावशी
सरळवायर, धुराचं राहिलं.

सरळवायर
राहिलं नव्हतं, शेवटाला ठेवलं होतं. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये नाही, दार उघडं टाकून नाही, पोर्चवर नाही, खिडकीखाली नाही. पाऊस आहे म्हणून आत घेतला, चोरीची भीती म्हणून आत घेतला, अशीच माणसं जातात. या देशात वर्षाला शंभरेक. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि वादळाने दमलेल्या माणसाला झोप येणं साहजिक वाटतं. प्रोपेनचा धूर वासाला कमी म्हणून सुरक्षित समजू नका, तो वायू त्यातही असतो.

घ्याल तो सीओ (म्हणजे हाच कार्बन मोनॉक्साइड) सेन्सरने आपोआप बंद होणारा घ्या. घरात प्रत्येक झोपायच्या खोलीबाहेर बॅटरीवरचा अलार्म लावा. कॅम्पमध्येही तंबूपासून तेवढंच अंतर. केटीकर, बाबा सीपॅप लावून झोपणार आहेत, यंत्र खोलीतलीच हवा ओढतं, एवढं लक्षात ठेवा.

केटीकर
वाचून बायकोने आधी अलार्म मागवले, मग मला जनरेटर मागवायची परवानगी दिली.

रेडवुडकर
पराभव मान्य, पण अर्धाच. केटीकर, २५०० वाला घेताय तर जोडीला एक लहान पॉवर स्टेशन घ्या. संध्याकाळी जनरेटर चालू असताना ते भरून घ्यायचं, रात्री जनरेटर बंद, सीपॅप बॅटरीवर. ४० वॉट गुणिले आठ तास, ३२० वॉटअवर. १००० वालं अडीचेक रात्री काढेल. मावशींच्या बॅटरीला चार्ज करणारा मिळाला की आमची-तुमची भांडणं मिटली.

अ‍ॅशव्हिलची_मावशी
हे मात्र खरं बोललात. मीही आता तेच करते.

केटीकर
(तीन आठवड्यांनी) अपडेट देतोय, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

चॅम्पियनचा २५०० वाला ड्युअल फ्युएल घेतला, सीओवर बंद पडणारा. खोक्यातून काढून सिलिंडर जोडला, दोरी ओढली. काही नाही. दहा वेळा ओढली. मग मुलीने पुस्तिकेचं पहिलं पान वाचून दाखवलं : यंत्र तेलाशिवाय पाठवलेलं असतं. तेल कमी असलं की ते स्वतःच सुरू होत नाही, म्हणून वाचलो. खोक्यातली तेलाची बाटली ओतली, तिसऱ्या ओढीला सुरू.

जोडांना साबणाचं पाणी लावून बघितलं. एका ठिकाणी फुगा आला, नटाला अर्धा फेरा दिल्यावर गेला. हे न करता वापरणाऱ्यांनी एकदा करून बघा.

शनिवारी रात्री तालीम केली. मागच्या अंगणात कुंपणाजवळ, घरापासून २५ फूट. फ्रीज, खिडकीचा एसी, पंखा, राउटर, सीपॅपच्या जागी तेवढ्याच वॉटचा दिवा. सिलिंडर बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवला : ३२ पौंड. रिकामा १७ चा, म्हणजे आत १५. दुकानातून बदलून मिळतात त्यांत २० ऐवजी बहुधा १५ च भरतात, हे तेव्हाच कळलं. आता भरून देणाऱ्याकडे जातो. दहा तासांनी काटा साडेपंचवीसच्या खाली किंचित. म्हणजे १५ पौंडांना बावीसेक तास. डब्यावर ३४ लिहिलंय, पण ते पाव लोडवर आणि भरगच्च सिलिंडरवर. आता पाच सिलिंडर घेतलेत, सगळे बाहेर, सावलीत, उभे. गॅरेजमध्ये एकही नाही. गार्नरला त्यातलाच एक नेऊ, शेगडीलाही तोच चालतो.

शेजारी सकाळी कुंपणावरून डोकावून म्हणाला, रात्री कसला आवाज येत होता का? मी म्हटलं, झोप लागली होती का? म्हणाला, हो. मग नव्हता.

सरळवायर
छान. पहिलं तेल पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर न चुकता बदला, नवीन इंजिनाचा बारीक चुरा त्यात उतरतो. आणि महिन्यातून एकदा लोड लावून पंधरा मिनिटं चालवत जा.

मिक्सरवाली
आई-बाबा यंदा येणार का? आणि फ्रीझरमधल्या नारळाचं काय ठरलं?

केटीकर
२२ जूनला येतायत. व्हिडिओवर आईला जनरेटर दाखवला. नीट बघितला, आवाज ऐकला, किती पौंड, किती पैसे, सगळं विचारलं. मग म्हणाली, छान आहे, पण मी यंदा खवून ठेवणार नाही. नारळ अख्खेच आणू, लागेल तसा फोडू.